कानाचें माप



एकाच तंबोऱ्याची एकच ध्वनिमुद्रिका दोन निरनिराळ्या हेडफोनांतून ऐकून पाहावी. एकांत खर्जाची तार भरदार लागते, पण जवारी कोठें तरी आंत दडून बसते. दुसऱ्यांत जवारी भुंग्यासारखी गुंजत राहते, पण खर्ज पोकळ वाटतो. तंबोरा एक, मुद्रण एक, ऐकणारा एक. तरी कानांत तंबोरे दोन! यांतला खरा कोणता, हें कोणीं ठरवावयाचें? ऐकणाऱ्याच्या कानानें, कीं मोजणाऱ्या यंत्राच्या कांट्यानें? वरवर पाहतां हा चार हौशी मंडळींचा फावल्या वेळचा वाद वाटेल. परंतु त्याच्या मागें शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, थोर थोर शास्त्रज्ञ त्यांत गुंतलेले आहेत, आणि त्यांतलें एक प्रकरण आपल्या महाराष्ट्रांत, सांगलीकडे घडलेलें आहे.

हेडफोनचा जीव म्हणजे त्यांतला ड्रायव्हर. विद्युत्प्रवाहाच्या चढउतारांचें हवेच्या कंपनांत रूपांतर करणारा हा एवढासा अवयव. सन १८७६ मध्यें अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें टेलिफोनचें पेटंट घेतलें. त्यानंतर कित्येक वर्षें ड्रायव्हर म्हणजे बहुधा विद्युच्चुंबकासमोर बसविलेली एक पातळ लोखंडी चकती असे. अमेरिकेंतील यूटा प्रांतांत नॅथॅनियल बाल्डविन नांवाच्या गृहस्थानें सन १९१० च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरांत बसून अधिक संवेदनक्षम असे हेडफोन जुळविले, आणि ते अमेरिकन नौदलाच्या पसंतीस उतरले. नौदलास कांहीं गाणें ऐकावयाचें नव्हतें. दूरच्या जहाजाची क्षीण टिकटिक कानीं पडली म्हणजे झालें. त्या काळीं हेडफोनची परीक्षा एवढीच होती, कीं तो किती दुबळा संदेश ऐकवूं शकतो.

आपल्याकडील घरांत हेडफोन शिरला तो रेडिओचा हात धरून. ता. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचें उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें झालें. व्हॉल्व्हचे रेडिओ महाग पडत. ज्याची ऐपत बेताची, त्यास स्फटिकाचा संच. गॅलिना नांवाच्या खनिजाचा एक खडा, त्यावर टेकविलेली बारीक तार, तांब्याच्या तारेचें एक वेटोळें, आणि कानांवर हेडफोन. या संचास बॅटरी लागत नसे. केंद्राकडून हवेंतून आलेल्या लहरींचीच शक्ति त्या लोखंडी चकतीस हालवी. अर्थात् ती शक्ति दूरवर पुरत नसे. अशा संचाची मर्यादा सुमारें तीस मैलांची धरलेली होती. कर्ली नदीच्या कांठचें, लक्ष्मीनारायणाच्या देवळाचें आणि देवळालगतच्या तळ्याचें आमचें वालावल मुंबईपासून सरळ रेषेंत तीनशें किलोमीटरांहून अधिक दूर. म्हणजे गिरगांवांतल्या चाळींत जो आवाज फुकट ऐकूं येई, तो आमच्या कोंकणांतल्या माडांखालीं खड्याच्या संचावर ऐकूं येणें शक्यच नव्हतें. सन १९३० मध्यें ती कंपनी बुडाली, तेव्हां साऱ्या हिंदुस्थानांत रेडिओचे परवाने आठ हजारांच्या आसपास होते. हा सारा थाट केवढासा होता, हें यावरून ध्यानीं येईल.

त्या लोखंडी चकतीचा एक दोष होता. सेकंदास एक हजार कंपनांच्या आसपास ती आपण होऊनच निनादे. मनुष्याचें बोलणें कळावयास हा दोष उलट उपकारकच, कारण शब्दांची ओळख पटविणारा पुष्कळ भाग त्याच पट्ट्यांत असतो. परंतु पखवाजाची घुमार खालीं राहून जाई आणि झांजेची झळक वर. पुढें चुंबकाच्या फटींत तारेचें हलकें वेटोळें खेळतें ठेवून त्यास पातळ पडदा चिकटविण्याची युक्ति निघाली. बर्लिन येथील ऑयगेन बायर यांनीं सन १९३७ मध्यें या तत्त्वावरचा ‘डी. टी. ४८’ हा हेडफोन बाजारांत आणला. सन १९५८ मध्यें अमेरिकेंत जॉन कॉस यांनीं दोन कानांस दोन निराळे ध्वनि पुरविणारा हेडफोन केवळ संगीताच्या शौकिनांसाठीं काढला, आणि १९७९ मध्यें जपानांतून वॉकमन आल्यावर तर ही वस्तु खिशांत आली. येथपर्यंतची हकीकत कोणत्याही कोशांत मिळेल. मला सांगावयाचें आहे तें निराळेंच. यंत्र तारायंत्राच्या टिकटिकीसाठीं होतें तोंवर त्याची परीक्षा सोपी होती, तें गाण्यासाठीं झालें, आणि “जसें गायिलें तसें ऐकूं येतें का?” असा प्रश्न उभा राहिला. ‘जसें गायिलें तसें’ म्हणजे कसें, हें आधीं मोजतां आलें पाहिजे. आणि गाणें मोजण्याचा खटाटोप आपल्याकडे मुंबईचें केंद्र सुरू होण्याच्या पुष्कळ आधीं एका शौकिनानेंच केला होता.

कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीकडचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. व्यवसायानें ते शास्त्रज्ञ नव्हेत कीं गवई नव्हेत. पण ‘बावीस श्रुति’ म्हणून जें ग्रंथांत सांगितलें आहे तें गवयाच्या गळ्यांत खरोखर आहे काय, हें मोजून पाहण्याचा त्यांनीं ध्यास घेतला. त्या विषयावरचें त्यांचें इंग्रजी पुस्तक सन १९१० मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांचें साधन म्हणजे दोन तारांची एक पेटी. एक तार षड्जास लावून ठेवावयाची; दुसरीखालची घोडी सरकवीत सरकवीत ती गायकाच्या स्वराशीं मिळवावयाची; मिळाली कीं तारेची लांबी मोजावयाची. तार निम्मी झाली कीं कंपनें दुप्पट, हा नियम प्राचीनांसही ठाऊक होता. षड्जाचीं कंपनें सेकंदास २४० धरलीं, तर पंचम ३६० वर येतो, शुद्ध गांधार ३०० वर. पण ऋषभ २७० वर घ्यावा कीं २६६ व दोन-तृतीयांशावर? हा अवघा सव्वातीन-साडेतीन कंपनांचा फरक. देवलांचें म्हणणें असें, कीं हे दोन्ही ऋषभ आपल्या गाण्यांत आहेत, निरनिराळ्या ठिकाणीं आहेत, आणि कसलेला गळा ते वेगळे दाखवितो. तो गळा त्यांस लाभला खांसाहेब अब्दुल करीम खां यांचा. याहून सुरेल साक्षीदार त्या काळीं कोणास मिळाला असता?

या पद्धतींतली मौज लक्षांत घ्यावी. तारेची लांबी फुटपट्टी सांगते, परंतु ‘आतां तार स्वराशीं मिळाली’ हा निकाल कानच देतो. न्यायाधीश कान, फुटपट्टी केवळ त्याचा निकाल टिपून घेणारा कारकून. तरीही हें काम हास्यास्पद नव्हतें. ‘सूक्ष्म’, ‘कोमल’, ‘चढा’, ‘उतरा’ अशा शब्दांवर जेथें सारा व्यवहार चालला होता, तेथें देवलांनीं आंकडे आणून ठेवले, आणि आंकडे चुकीचे असले तरी त्यांशीं वाद घालतां येतो. शब्दांशीं घालतां येत नाहीं.

साताऱ्याकडे न्यायाधीश असलेले ई. क्लेमंट्स नांवाचे सिव्हिलियन देवलांस येऊन मिळाले. त्यांचा ग्रंथ सन १९१३ मध्यें निघाला, आणि या श्रुति वाजवितां याव्यात अशी एक पेटी लंडनच्या मूर अँड मूर या कारखान्यांत तयार करविण्यांत आली. सन १९१६ च्या मार्च महिन्यांत बडोदें येथें श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित भातखंडे तिचे सूत्रधार. तेथें ही श्रुतींची पेटी सर्वांसमोर मांडण्यांत आली, आणि जमलेल्या जाणत्या मंडळींनीं ती मान्य केली नाहीं. पेटी आपल्या जागीं नेमकी होती. पण गवयाचा गळा त्या जागांवर थांबावयास तयार नव्हता. मींडेंत स्वर वाहतो, आंदोलनांत हालतो, आणि एकाच रागांतला तोच स्वर आरोहांत एके ठिकाणीं, अवरोहांत दुसऱ्या ठिकाणीं लागतो. पुढें सन १९६३ मध्यें नझीर जयराझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनीं विद्युत्-साधनांनीं हिंदुस्थानी गायनवादनाचें मापन केलें, तेव्हां असें दिसून आलें, कीं एकाच कलावंताच्या एकाच मैफलींतही स्वरांच्या जागा बदलतात. खांसाहेबांचा कान खोटा नव्हता. देवलांची फुटपट्टीही खोटी नव्हती. एका गळ्याच्या एका क्षणाचें माप सर्वांस लागू केलें, तेथें गोष्ट बिघडली. मला स्वतःला देवलांविषयीं फार आदर वाटतो. पेन्शन घेऊन स्वस्थ बसण्याच्या वयांत ज्यानें तारेखालची घोडी सरकविली, त्याची जात आजच्या ड्रायव्हर मोजणाऱ्या हौशी लोकांचीच होय.

हीच अडचण पुढें पाश्चात्य शास्त्रज्ञांसमोर हेडफोनच्याच रूपानें उभी राहिली. सन १९३३ मध्यें बेल प्रयोगशाळेंतील हार्वे फ्लेचर व डब्ल्यू. ए. मन्सन यांनीं, निरनिराळ्या उंचीचे स्वर कानास सारखेच मोठे वाटावयास त्यांचा जोर किती किती असावा लागतो, हें मोजलें. खर्जाकडे कान मंद, तीन-चार हजार कंपनांपाशीं अतिशय तीक्ष्ण, हें त्या आलेखांनीं जगास दाखविलें. या कामीं ध्वनि ऐकविला तो हेडफोनांतूनच. परंतु लवकरच एक विचित्र गोष्ट निदर्शनास आली. कानापाशीं मोजलेला दाब अगदीं सारखा असूनही, समोरच्या ध्वनिक्षेपकांतून आलेला खर्ज मोठा वाटे, आणि हेडफोनांतून आलेला लहान! फरक सुमारें सहा डेसिबलांचा, म्हणजे दाबाच्या हिशेबानें दुपटीचा. सन १९५२ मध्यें मन्सन व वीनर यांनीं या हरवलेल्या सहा डेसिबलांचा शोध असें सरळ नांव देऊनच निबंध लिहिला. आणि त्यांचा पत्ता त्यांसही लागला नाहीं. तब्बल तीस वर्षांनीं, १९८२ मध्यें, वेन रुडमोस यांनीं दाखवून दिलें, कीं प्रयोगांतलीं बारीकसारीक व्यंगें एकेक करून काढलीं तर हा फरक नाहींसा होतो. कान झांकला कीं शरीराच्याच आंतला घोष वाढतो व मंद खर्ज त्यांत बुडतो. शिवाय ध्वनीचा उगम जवळ आहे कीं दूर, या भावनेनेंही ऐकणाऱ्याचा निवाडा बदलतो. कांटा बरोबर होता, कानही प्रामाणिक होता. दोघांस विचारलेला प्रश्न मात्र एकच नव्हता.

मग शास्त्रज्ञांनीं कानच बनवावयाचें ठरविलें. मनुष्याच्या कानाची नळी सुमारें अडीच सेंटिमीटर लांब, आणि आंतल्या टोकास पडद्यानें बंद. अशी नळी बांसरीच्या न्यायानें एका विशिष्ट स्वरास निनादते. हिशेब केला तर तो सेकंदास ३४०० कंपनांच्या आसपास येतो. म्हणजे बाहेरचा ध्वनि सपाट असला तरी कानाच्या पडद्याशीं पोंचेपर्यंत त्यांत एक टेकडी उभी राहिलेली असते, आणि जन्मापासून आपण ती टेकडीच ‘सपाट’ म्हणून ऐकत आलों आहों. म्हणून कानाच्या पडद्याशीं अगदीं सपाट आलेख देणारा हेडफोन ऐकावयास निर्जीव वाटतो. ड्रायव्हर मोजूं लागणारा नवशिका पहिल्याप्रथम येथेंच फसतो; सरळ रेषा दिसली कीं त्यास आनंद होतो. ही टेकडी धरूनच माप व्हावें म्हणून अमेरिकेंत सन १९७२ मध्यें ‘केमार’ नांवाचा पुतळा तयार झाला. त्यास डोकें, खांदे, रबराच्या कानपाळ्या आणि आंत सूक्ष्मध्वनिग्राहक. सन १९८१ मध्यें अशा कृत्रिम कानाच्या नळीचें आंतरराष्ट्रीय प्रमाणही ठरलें. पुतळ्याचीं मापें मात्र तिकडे प्रसिद्ध झालेल्या शरीरमापनांच्या मध्यमानावरून घेतलेलीं होतीं. तो कान कोणा एकाचा नव्हे, सरासरीचा. आणि ती सरासरी आपल्या लोकांची नव्हे.

अस्सल प्रमाणित यंत्रें आजही सामान्य मनुष्याच्या आटोक्याबाहेरचीं आहेत. परंतु त्या नळीच्या धर्तीवर चीनमध्यें बनविलेल्या स्वस्त नळ्या आतां मिळतात, आलेख काढणारी प्रणाली संगणकावर विनामूल्य चालते, आणि त्यामुळें वालावलसारख्या गांवांतही रात्रीं जेवणें उरकल्यावर हा उद्योग करतां येतो. रात्रीं असें म्हणण्याचें कारण, मापनाचा खरा वैरी म्हणजे भोंवतालचा आवाज. शहरांतल्या हौशी मनुष्यास वाहनांचा घरघराट नडतो. आम्हांस जूनमध्यें तळ्याकांठचे बेडूक नडतात. पहिला पाऊस पडला कीं त्यांचा घोष असा कांहीं उठतो, कीं क्षीण मापें पुढच्या उघडिपीपर्यंत तहकूब ठेवावीं लागतात. घरांतलीं माणसें एवढेंच विचारतात, “आज तरी तुमच्या डबीनें कांहीं गायिलें का?”

कृति सांगावयास सोपी आहे. ड्रायव्हर नळीवर बसवावा, २० कंपनांपासून २०,००० पर्यंत चढत जाणारा स्वर त्यांतून सोडावा, आणि पलीकडच्या ग्राहकानें काय टिपलें तें पाहावें. पण मीं या कामांत जें पाहिलें आहे त्यावरून सांगतों, कीं ड्रायव्हर बसविण्यांतच सारें मर्म आहे. गादी आणि नळी यांच्यामध्यें केसाएवढी फट राहिली कीं खालचा खर्ज वाहून जातो, आणि उत्तम ड्रायव्हर दरिद्री दिसूं लागतो. तोच ड्रायव्हर काढून पुन्हां बसवावा, असें पांच वेळां करावें. आठ हजार कंपनांच्या वर पांच आलेख पांच दिशांस जातात. म्हणून त्या प्रदेशांतल्या एखाद्या शिखरावरून ड्रायव्हरची लायकी ठरवूं नये. चष्मा लावणाऱ्याच्या कानावर, दाट केस असणाऱ्याच्या कानावर हीच फट रोज पडत असते. उजव्या-डाव्या जोडीचें मात्र माप निर्णायक असतें. दोन ड्रायव्हर एकाच पद्धतीनें बसविले आणि त्यांत दोन-तीन डेसिबलांचें अंतर निघालें, तर गायक मध्यावरून सरकून एका कानाकडे झुकतो. येथें यंत्राचा शब्द अखेरचा मानावा.

दोन ड्रायव्हर ऐकून ताडावयाचे असतील, तर आधीं दोहोंचा आवाज मोजून सारखा करावा. यांतून सुटका नाहीं. एक जरासाच मोठा असला, तरी कान त्यास ‘मोठा’ म्हणत नाहीं. ‘अधिक स्पष्ट’, ‘अधिक सुरेल’ म्हणतो. बाजारांतल्या कित्येक निवाड्यांचें मूळ या अर्ध्या-पाऊण डेसिबलांत असतें, असें माझें स्पष्ट मत आहे.

पडद्याच्या अंगचे गुण-दोष ओळखावयास आपल्या चर्मवाद्यांइतका चांगला साक्षीदार नाहीं. ड्रायव्हरचा पडदा म्हणजे एक लहानसें चर्मवाद्यच. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली तर त्यांतून निघणारे उपस्वर एकमेकांशीं जुळत नाहींत. म्हणून ढोलास स्वर लागत नाहीं. तबल्यास लागतो तो कां, हें सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं सन १९२० मध्यें व पुढें १९३४ मध्यें सविस्तर उलगडून दाखविलें. मधोमध शाईचें वजन बसल्यामुळें ते उपस्वर सुरेल प्रमाणांत येतात. ड्रायव्हर बनविणारेही आपल्या पडद्यास वळ्या पाडून, घुमट देऊन, कडा मऊ ठेवून तेंच साधूं पाहतात. फरक इतकाच, कीं तबल्याच्या शाईस स्वतःचा सूर हवा असतो आणि ड्रायव्हरच्या पडद्यास स्वतःचा सूर मुळींच नको असतो. जेथें त्याचा स्वतःचा सूर उरतो, तेथें त्या उंचीचा स्वर येऊन गेल्यावरही पडदा क्षणभर बोलत राहतो. आमच्याकडील दशावतारांत पखवाज, पेटी आणि झांज एकदम वाजतात. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूची थाप आणि तिच्या पाठोपाठ झांज असें मुद्रण लावलें, कीं असा रेंगाळणारा पडदा लपून राहत नाहीं. झांजेचा कांठ पुसट होतो.

आतां राहिला शेवटचा प्रश्न. हेडफोननें पडद्याशीं टेकडी द्यावी खरी, पण केवढी आणि कशी? सन २०१२ पासून अमेरिकेंतील हार्मन कंपनीच्या शॉन ऑलिव्ह व टॉड वेल्टी यांनीं याचा निकाल पुन्हां कानाकडेच सोंपविला. पुष्कळ माणसांस निरनिराळे आलेख ऐकवावयाचे, कोणता आवडतो तें विचारावयाचें, आणि अधिकांत अधिक लोकांस रुचेल असा एक आलेख काढावयाचा. आज कारखान्यांतून आणि हौशी मंडळींत ‘हार्मन आलेख’ म्हणून जो चालतो तो हाच. देवलांनीं एका कानावर भार टाकला; यांनीं शेंकडों कानांवर टाकला. पुढें देशपरत्वें आवड बदलते कीं काय, हेंही त्यांनीं तपासलें, आणि फारशी बदलत नाहीं असें त्यांस आढळलें. हे देश होते कॅनडा, अमेरिका, जर्मनी आणि चीन. भारत त्यांत नव्हता. ऐकविलेलें संगीतही बहुतांशीं पाश्चात्य रेकॉर्डांवरचें. तंबोऱ्याच्या चार तारांवर कान तयार झालेल्या मनुष्यास ती टेकडी तेवढीच हवी असेल काय? जवारी म्हणजे केवळ उपस्वरांचा खेळ. तिचा बहर नेमका त्या टेकडीच्या प्रदेशांत येतो. तेथें दोन डेसिबल कमीअधिक झाले, तर पाश्चात्य गाण्यांत कदाचित् लक्षांतही येणार नाहीं. तंबोऱ्यांत मात्र घोडीवरचा दोरा सरकल्यासारखें वाटतें.

ही परीक्षा मोठ्या प्रयोगशाळेशिवाय होण्यासारखी आहे. तंबोऱ्याचें एक स्वच्छ मुद्रण, दशावताराच्या संगीताचें एक, आवाज मोजून सारखे केलेले चार ड्रायव्हर, आणि गावयास बसणारीं, न बसणारीं, कोंकणांतलीं, देशावरचीं अशीं पंधरा-वीस माणसें एवढें साहित्य पुरतें. त्यांतलीं सगळीं एकाच घराण्याच्या तालमींतलीं नसावींत. आणि कोणता ड्रायव्हर केव्हां लावला, हें प्रत्येकाचा निकाल कागदावर उतरेपर्यंत लावणाऱ्यानें देखील कोणास कळूं देऊं नये.